मेजरचं स्थळ

रंगनाथ : ...मुलगी विंचूरची. दीड वर्षाची, उजळ, घरात रमणारी, रेबीजची लस टोचलेली. मेजरचं उरकून टाकू.

स्नेहल : बाबा, मेजर नऊ महिन्यांचा कुत्रा आहे.

रंगनाथ : सूनबाई, तीस वर्षं वधू-वर केंद्र चालवतोय. वयात आलेला मुलगा मला लगेच कळतो. सोमवारी लोडावर चढला, मंगळवारी कुरिअरवाल्याच्या पायावर. आणि काल थेट यशोदाबाईंच्या! दिंडोरीहून आल्या होत्या बिचाऱ्या, मुलासाठी, रविराजसाठी स्थळं बघायला.

स्नेहल : काल मी ऑफिसात होते. तुम्ही काय केलंत?

रंगनाथ : ओरडलो. पेपराची गुंडाळी करून मागे धावलो.

स्नेहल : मग?

रंगनाथ : त्यांना सोडून त्याने मला धरलं.

स्नेहल : धरणारच. त्याला वाटलं, खेळ सुरू झाला. डॉक्टर तरन्नुम म्हणाल्या, या वयात अंगात जोर फार, अक्कल कमी. पाहुणे आले की आनंद होतो, आणि तो ठेवायचा कुठे हे कळत नाही. माद्यासुद्धा चढतात अशा.

रंगनाथ : माद्यासुद्धा? हे केंद्रात कुणासमोर बोलू नकोस.

स्नेहल : लग्न लावून हे थांबत नाही. नसबंदीचं डॉक्टर पुढे बघणार आहेत, पण तीही जादू नाही म्हणाल्या. शिकवावंच लागतं.

रंगनाथ : चार वाजता यशोदाबाई पुन्हा येतायत. आज पाय धरला, तर संध्याकाळच्या जीपने मेजर हरसूलला, माझ्या बहिणीच्या, धोंडाबाईच्या शेतावर. माझा शब्द आहे.

स्नेहल : ठीक. नाही धरला, तर इथेच राहणार. हाही शब्द.

(दारावरची बेल वाजते.)

रंगनाथ : झालं! शेपूट बघ त्याचं! पेपर कुठाय?

स्नेहल : पेपर नको. ओरडायचं नाही, धावायचं नाही. दार उघडा फक्त.

यशोदाबाई : येऊ का? का आजबी माझ्याच पायाला मुंडावळ्या बांधायच्या?

स्नेहल : या मावशी. जरा वेळ त्याच्याकडे बघू नका.

यशोदाबाई : बघितलं नाय तर कळंल कसं, कुठून येतोय त्यो?

रंगनाथ : आला! यशोदाबाई, पाय वर घ्या!

स्नेहल : बाबा, गप्प. मेजर! इकडे. बस... शाब्बास. घे खाऊ. आता गोणपाटावर जा.

रंगनाथ : गेला?

यशोदाबाई : गेला की! आन बसला. अगं बाई, उठला परत.

स्नेहल : मेजर. बस... शाब्बास रे राजा!

यशोदाबाई : लय शहाणा हाय गं! आमचा रविराज सत्तावीसचा झाला, एका हाकंत कधी बसला नाय. शिकवलं कवा याला?

स्नेहल : वीस दिवस झाले. रोज सकाळी बाबा फिरायला गेले की शेजारचे रियाजभाई बेल वाजवून पाहुणे व्हायचे. मेजर चढायच्या आत हाक मारायची, बसला की खाऊ. चढलाच, तर न बोलता बाजूला न्यायचं. रियाजभाई म्हणतात, आता बेल ऐकली की त्यांनाच खाली बसावंसं वाटतं.

यशोदाबाई : जिंकलीस पोरी! ऐकताय ना, रंगनाथराव?

रंगनाथ : ऐकतोय. जीपवाल्याला फोन लावतोय. येऊ नको म्हणून सांगतो.

स्नेहल : आणि विंचूरला?

रंगनाथ : तिकडेही कळवतो. मुलगा इतक्यात लग्न करणार नाही म्हणून... स्नेहल, तो एकटाच बसलाय तिथे. कंटाळेल नाही का गं?

स्नेहल : मग बसा जाऊन त्याच्याशेजारी.

रंगनाथ : खाली? माझे गुडघे बघतेस ना?

यशोदाबाई : बघतोय की आम्ही. जरा सरका, त्याची शेपटी दबली तुमच्याखाली.