नागोमीच्या पेशी

"हॅलो?… बोग्योंग? बोल… नाही गं, प्रयोगशाळेत नाहीये आज… हो, हो, ऐकतेय."

दहनगृहाच्या व्हरांड्यात काळ्या कपड्यांत उभी असलेली चिझुरू कोपऱ्यात सरकली. फोन कोरियातल्या उल्सानच्या मैत्रिणीचा होता. ऊन अजिबात न सोसण्याच्या आजारावर उपाय शोधायला दोघी मिळून एकाच मुलीच्या पेशींवर काम करत होत्या.

"काय?… सांधला? तुटलेला डीएनए पेशींनी आपला आपण सांधला?… तिन्ही वेळा?… अगं, झालाय ना आनंद… रडत नाहीये मी. ऐक ना. जरा ऐकशील?… नागोमी गेली."

पलीकडून एकदम 'कधी?' आलं.

"परवा… आधी ऐकू येईना, मग गिळता येईना… तेरा वर्षांची गं. आत आहे ती. अस्थींसाठी थांबलोय आम्ही… तू कशाला माफी मागतेस? तुला कुठे ठाऊक होतं?… थांब, अजून आहे. तिच्या आईला आपल्याकडे तिच्या पेशी नकोत… नकोत म्हणजे नष्ट करायच्या. तुझ्याकडच्यासुद्धा."

आता पलीकडून आवाज चढला. चिझुरूनं फोन कानापासून जरा लांब धरला.

"सांगितलं ना! दुसऱ्या पोरांना उपयोग होईल म्हटलं. तिच्या आईनं, कुवाबाराबाईंनी, शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, पेशींवर तुम्ही नेमकं करता काय?… खरं तेच सांगितलं. उन्हातले घातक किरण सोडतो, मग त्या सावरतात का ते बघतो… बोग्योंग, त्या बाईनं तेरा वर्षं खिडकीला फट राहू दिली नाही. मला म्हणाल्या, 'म्हणजे माझ्या लेकीला तुम्ही उन्हात ठेवत होता?'… पेशी म्हणजे नागोमी नव्हे, हे मला शिकवू नकोस!… चुकलं. चुकलं गं माझं."

तिनं भिंतीला डोकं टेकवलं.

"दुसऱ्या मुलाच्या घेऊ, हो. पहिल्यापासून सगळं. तोवर तो तरी राहील का?… एखादी कुपी मागे ठेवायची? नाही. एकही नाही. हक्क आहे त्यांचा, आणि मी शब्द दिलाय… आत्ताच कर. उद्यावर टाकलंस तर आपल्याच्यानं होणार नाही… हो, ब्लीच ओत… आणि ऐक. आधी वरचा दिवा बंद कर… मी आहे फोनवर. ठेवत नाही."

आतून अस्थींसाठी बोलावणं आलं. सगळे उठले. ती हलली नाही.

"बोग्योंग?… ओतलंस?… हॅलो?… हॅलो?"