घागरी कोण राखील?

त्या दुष्काळात टँकर पहाटे यायचा, म्हणून घागरींची रांग दिवस मावळायच्या आतच लागायची. रांगेत द्वारकाबाईच्या पुढं एक सासू सुनेला समजावत होती.

"भीमजयंतीच्या गायन पार्ट्या आल्यात माळावर. भोंग्याजवळ बसू नको, कान फाटतील. ढोलकीवाल्याच्या अंगाला बस."

"तुमी बी चला की, आत्याबाई."

"घागरी कोण राखील? लोकं मागं सारतील."

"मग म्या बी न्हाय जात."

"येडी का काय! जा, धृपद पाठ कर, अन् सकाळी मला म्हणून दाखव."

द्वारकाबाईनं त्यांच्या घागरी आपल्या घागरीला खेटून ठेवल्या.

"जावा दोघी बी. म्या हाय हितं."

"अन् तुमचं गाणं, मावशी?"

"सकाळी मला म्हणून दाखवा. दोघी मिळून. एकटीच्या गळ्यात धृपद रंगत न्हाय."