चंपा धूर होऊन कुठं गेली

न्हाय न्हाय, ते कुलूप ढकलून उघडणारं न्हवं — आक्का बस्तीत, देवळात गेलीया दर्शनाला, यीलच आता, दिवस बुडायच्या आत जेवायचं असतंय की तिला, जैनाच्या घरची पोर तू, तुला मी काय सांगायचं. इथं माझ्याकडं बस. ह्या पोत्यावर बस, तंबाखूचं न्हाय ते, पानाचं हाय, साडीला वास लागायचा न्हाय. मी कोपऱ्यावरनंच वळखलं तुला — माणसाचं चालणं बदलत न्हाय बघ, अकरा वर्षं हूंद्यात न्हायतर वीस. बेळगावहून यस्टीनं आलीस व्हय? आणि एकटीच? लेकीला, रचनाला आणली न्हाईस... बरं केलंस म्हणू का वाईट केलंस म्हणू, मलाच कळंना झालंय. पाच वर्षांची झाली म्हणालतीस फोनवर. आणि तुझं मालक, बुद्धप्रिय? शाळेवरच हाईत अजून? बरं, बरं. माझं हात तेवढं चालू ऱ्हाऊंदेत हं, पानं भिजवल्यात, थांबलं की वाळत्यात आणि मग विडी वळताना फाटत्यात. हाताला काम असलं की तोंड पण जरा सरळ चालतंय माझं.

व्हय. "नको म्हणावं तिला" — असंच म्हणाली ती. मी फोनवर तुला सांगितलं त्यात अक्षराचा फरक न्हाय. आक्काच्या, तुझ्या आईच्या तोंडनं ऐकायला आलीस, तुझं बरोबर हाय, तुझ्या जागी मी असते तर मी पण आले असते, आणि असा चहा पुढं ठेवून गार होऊ दिला नसता. पी की. खरं ती यायच्या आधी मला तुला एक सांगायचं हाय. सांगायचंच हाय असं न्हाय म्हणा... न्हाय, सांगायचंच हाय. आणि त्यात ती भुताची मालिका येती, तर हसू नको.

त्याचं काय झालं — आक्कानं चातुर्मासात टीव्ही सोडला. कुणी गोड सोडतंय, कुणी हिरवी भाजी सोडतंय, हिनं टीव्ही. महाराजांच्या समोर हात जोडून नियम घेतला, दिवाळीपतोर टीव्ही बघणार न्हाय म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी परड्यातल्या भिंतीशी येऊन मला हाक मारली — "अंबू, काल चंपाचं काय झालं गं?" मी म्हटलं, आक्का, नियम हाय न्हवं? तर मला म्हणती कशी — "बघायचा न्हाय असा नियम हाय, ऐकायचं न्हाय असं कुठं म्हटलंय मी?" तवापास्नं रोज. बस्तीतनं आली की आधी भिंत, मग ताट. मी हिकडं पायरीवर चढून उभी, ती तिकडं, आणि मी कालचा भाग सांगायची. दुसऱ्या कुणाला इचारायची न्हाय, लाज वाटायची — सत्तरीची बाई, रोज बस्तीत जाणारी, आणि भुतं! खरं सांगू? मी लई छान सांगत होते. मांत्रिकाचा आवाज काढायची, दार कसं करकरतंय ते करून दावायची. आक्का म्हणायची, "बघण्यापरास तुझंच बरं हाय."

तुला ठाऊक न्हाय व्हय ती मालिका? बेळगावात कुणी बघत न्हाय का काय. चंपा म्हणून पोरगी असती, हिरीत पडून मेलेली. ती रोज दिवेलागणीला आपल्या घराच्या उंबऱ्याशी येऊन उभी ऱ्हाती. आईलाच तेवढी दिसती. आईनं नावानं हाक मारली तरच तिला आत येता येतंय, एरवी न्हाय. आणि तो मांत्रिक आईला सांगतोय — दारात हाय ती तुझी न्हवं, तुझ्या पोरीचं तोंड लावून दुसरंच कायतरी आलंय, हाक मारलीस तर घर बसंल. दोन महिनं तेवढंच. मारती का न्हाय, मारती का न्हाय. आता मी अडाणी हाय, चौथीपतोर शिकलेली, खरं मला काय कळत नव्हतं असं न्हाय, आक्का त्यातलं काय ऐकती ते. चंपा उंबऱ्याशी आली असं मी म्हटलं की आक्काचा हात भिंतीवरच्या शेवाळावरनं फिरायचा नुसता, असा, असा. तू बुद्धप्रियांचा हात धरून गेलीस तवा तुझ्या आप्पांनी, तू जिवंत असताना, तुझ्या नावानं सुतकाची आंघोळ घातली न्हवं सगळ्या घराला — त्या दिवशी बंबात लाकडं मीच घातलती. जिनेंद्र आप्पा म्हणाले पेटव, मी पेटवला. शेजाऱ्याला कोण न्हाय म्हणतंय. आक्का न्हाऊन आली तवा तिच्या केसातनं पाणी गळत होतं आणि मला म्हणाली, "पाणी लई कडक तापवलंस अंबू." तेवढंच. तुझं नाव त्या दिवसापास्नं तिच्या तोंडात न्हाय. आप्पा जाऊन तीन वर्षं झाली तरी न्हाय.

मग भादव्यात तुझा फोन आला मला. क्षमावाणीला सगळी एकमेकांची माफी मागत्यात, त्या दिवशी यीन म्हणते मावशी, आईला इचार. मी इचारलं. आक्कानं व्हय म्हटलं न्हाय, न्हाय म्हटलं न्हाय. नुसतं म्हणाली, "उद्या शेवटचा भाग हाय न्हवं चंपाचा?" मी म्हटलं, व्हय, उद्या संपती. म्हणाली, "त्याचं काय हुतंय ते सांग. मग तुला सांगते."

एवढं कळलं न्हवं तुला? मला पण कळलं. त्याच वेळी कळलं. मी मूर्ख न्हाय.

शुक्रवारी सातला बसले. हीच सुपली मांडीवर. आई उंबऱ्यापतोर आली, हातात समई, चंपा बाहीर, वारं सुटलेलं, आईनं तोंड उघडलं — आणि लाईट गेली. अख्ख्या गल्लीची. आली ती सगळं संपल्यावर. सकाळी परत दावत्यात ते, खरं मी विड्या द्यायला कारखान्यात गेलते, माल बघणारा माणूस उशिरा आला, बघायचं ऱ्हायलंच. सांच्याला आक्काची हाक. "अंबू, सांग." आता तू सांग — मी म्हणायला पायजे होतं का न्हाय, आक्का, लाईट गेलती, मी बघितलंच न्हाय? एवढं सोपं हाय ते. सगळ्या गल्लीची गेलती, मला कोण दोष देणार. खरं ती त्या दिवशी जेवायला न बसता आलती गं. डोळं असं लावून बघत होती. दोन महिनं मी एक दिवस चुकवला न्हवता, आणि शेवटच्या दिवशी माझ्याकडं काय न्हाय असं कसं म्हणू? तर मी सांगितलं. आईनं हाक मारली न्हाय, म्हटलं. समई फुंकली आणि दार लावलं. आणि चंपा? — तिनं इचारलं. चंपा धूर होऊन गेली, म्हटलं.

असंच का सांगितलं? तेच तर मी म्हणतीया. तोंडात आलं ते. भुताच्या मालिकेत असंच असतंय की, दार लावत्यात, धूर हुतोय. आक्कानं भिंतीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "नको म्हणावं तिला." आणि मी तुला फोन केला.

थांब, अजून हाय. बस खाली. दोन दिवसांनी माझ्या दिरानं, रवळूनं, मोबाइलवर दावला तो भाग. त्यात मारली होती हाक. चंपा, चंपा, चंपा — तीनदा. आणि पोरगी आत आली. दुसरं तिसरं काय न्हवतं, तीच होती, आईच्या मांडीवर डोकं ठेवून निजली, आणि मांत्रिकच पळाला. क्षमावाणीला तवा अजून दोन दिवस होते. भिंत हितं, आक्का तिथं. चार पावलं. मी गेले न्हाय. मनाला म्हटलं, आता सांगितलं तर ती म्हणंल, म्हंजे दोन महिनं खोटंच सांगत होतीस काय. आणि क्षमावाणीच्या दिवशी तीच आली बघ, हात जोडून, माझ्या दारात. "अंबू, कळत न कळत माझ्याकडनं काय चुकलं असंल तर क्षमा कर." माझी माफी मागितली तिनं. मी, मी काय म्हटलं ठाऊक हाय? असूंदे की आक्का, म्हटलं.

आक्का मला खोटी म्हणंल म्हणून गेले न्हाय, असं सांगितलं न्हवं मी तुला? ते खोटं हाय. म्हंजे हाय तेवढं, खरं तेवढंच न्हाय. तू आली असतीस. मग रचना आली असती. सुट्टीला आली असतीस, फोन केला असतास, आणि सांच्याला आक्का घरात पोरीचं ऐकत बसली असती — भिंतीशी कशाला आली असती? मला कोण हाय गं हाक मारणारं. मालक गेलं, रवळू आपल्या घरात. दिवसभर हजार विड्या वळायच्या आणि पाच-साडेपाचला कुणीतरी "अंबू" म्हणायचं, एवढंच. आणि त्यात पण सुख न्हाय लागलं मला. मालिका संपली तरी ती येती. रोज एकच इचारती — "अंबू, ती धूर होऊन कुठं गेली असंल गं?" महिना झाला. मी रोज कायतरी सांगते. नदीवर गेली म्हणते, डोंगरावर गेली म्हणते, काल म्हटलं तिला गावात दुसरं घर मिळालं. तर म्हणाली, "तिथं तिला नावानं हाक मारत असतील का?"

फाटक वाजलं. आली ती. रडू नको आता, न्हायतर रड, मला काय, मला शिव्या घालायच्या असतील तर मागनं घाल. चपला काढतीया. आता पाय धुवंल. त्या पायरीवर उभं ऱ्हायलं की पलीकडचं सगळं दिसतंय, डाव्या अंगाचा दगड हलतोय तेवढा संभाळ.

ऐकलंस? मारली हाक. माझ्या नावानं हाय ती. असूंदे. आज मी ओ देणार न्हाय.

परत मारली बघ. ऊठ, जा, ओ दे तू. माझी पानं वाळाय लागल्यात.