श्वासाचं माप

अल्लाचं नाव घेऊन बोलायला उभी राहते. या सभेचे अध्यक्ष आणि रुग्णालयाचे संचालक डॉ. मुन्सिफ, मंचावर बसलेले शल्यविशारद डॉ. नजीब आणि इतर मान्यवर, जिथं जागा मिळेल तिथं उभ्या असलेल्या परिचारिका भगिनी, समोर बसलेले सर्व बंधुभगिनी, आणि आपल्याला मधोमध बसवलेलं पाहून केव्हाच्या अवघडलेल्या आजच्या सत्कारमूर्ती भूलतज्ज्ञ डॉ. रौदा केताता, आपणा सर्वांना माझा नम्र सलाम.

माझं नाव दलेंदा. मी केरकेना बेटावरच्या शाळेत आयुष्यभर शिकवलं. शिक्षिकेच्या हातात माईक देण्यातला धोका आयोजकांनी पत्करला आहे, तेव्हा लांबलं तर दोष त्यांचा.

मला रुग्णांच्या वतीनं बोलायला सांगितलं गेलं. खरं म्हणजे हे काम एखाद्या रुग्णानंच करायला हवं. पण भूल देणाऱ्या डॉक्टरांबद्दल रुग्ण काय सांगणार? यांचं सगळं काम तो झोपल्यावर. जागा झाला की त्याला सर्जन आठवतो, नर्स आठवते, शेजारच्या खाटेवरचा घोरणारा माणूससुद्धा आठवतो. झोपेत आपला श्वास कोण सांभाळत होतं, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. म्हणून मी बोलते. मी बाहेरच्या बाकावर जागी होते.

माझे यजमान खमीस तिसऱ्या रांगेत बसले आहेत. हात वर करू नकोस, लोकांना दिसतोयस तू. एवढा माणूस लपत नाही. आमच्या बेटावर लग्न असलं की खमीसचा झुकरा हवाच. सनईसारखंच वाद्य, पण आवाज असा की समोरच्या होडीतला माणूस वल्हं टाकून नाचेल. फुंक न तोडता, गालात हवा धरून, नाकानं श्वास घेत हा वरात अख्खं गाव फिरवून आणायचा. आणि वरात पोचली की पहिलं काम काय, तर सिगारेट.

मग पोटात गाठ निघाली. जठरात, वरच्या बाजूला. डॉ. नजीबनी सांगितलं, कापून काढता येईल, पण उशीर नको. आम्ही कपडे बांधले, बोटीनं इकडे स्फाक्सला आलो. आणि शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत या बाईंनी खमीसच्या पाठीला नळी लावली, बराच वेळ लावून ठेवली, आणि म्हणाल्या, आत्ता नाही.

त्याला खोकला होता, कफ होता, छाती वाजत होती. डॉक्टरबाईंचं म्हणणं असं की आधी हे बरं करू, सिगारेट आजपासून बंद, छातीचे व्यायाम रोज, मग शस्त्रक्रिया. माझे दीर बशीर भडकले. गाठ काय तुमच्या सवडीनं थांबणार आहे का, असं त्यांनी तोंडावर विचारलं. डॉ. नजीबही खूष नव्हते, हे ते आज मान्य करतील. बघा, मान हलवताहेत.

बाईंचा आवाज चढला नाही. त्या बशीरना म्हणाल्या, "गाठ थोडी थांबेल. न्युमोनिया थांबणार नाही. मी यांना आज झोपवू शकते, भाऊ. उठवायची खात्री मला हवी आहे."

 मी हादरले. तोवर मला वाटायचं, सगळा धोका सुरीत असतो.

आम्ही इथंच शहरात माझ्या बहिणीकडे राहिलो. सिगारेटशिवायचा खमीस म्हणजे काय प्रकरण होतं, ते माझी बहीण सांगेल. तिनं अजून मला पुरतं माफ केलेलं नाही. पण छाती मोकळी झाली. पुन्हा तपासायला आलो तेव्हा बाईंनी त्याला भिंतीला टेकून उभं केलं आणि डोक्यापासून टाचेपर्यंत टेप लावली.

खमीस म्हणाला, "कफनाचं माप घेताय का, डॉक्टरबाई?"

"श्वासाचं घेतेय," त्या म्हणाल्या. "पोट वाढतं, भाऊ. फुफ्फुसं वाढत नाहीत. ती उंचीएवढीच राहतात."

मग त्यांनी मला समजावलं, आणि इतक्या सोप्या शब्दांत की मी शाळेत असते तर त्यांना वर्ग देऊन टाकला असता. आपण श्वास घेतो तेव्हा छाती हवा ओढते. भूल दिल्यावर ते थांबतं, मग यंत्र हवा आत ढकलतं. आडदांड शरीर बघून जास्त ढकलली तर फुफ्फुस आतून दुखावतं. फार कमी ढकलली तर खालचे कोपरे मिटून जातात, आणि मिटलेल्या कोपऱ्यात नंतर पू धरतो. म्हणून लहान श्वास द्यायचा आणि प्रत्येक श्वासानंतर थोडी हवा आतच राखायची. एवढंच, म्हणाल्या. एवढंच, आणि त्यासाठी त्या सबंध शस्त्रक्रियाभर त्याच्या डोक्याशी बसून होत्या.

आत काय झालं ते मला पुढे डॉ. नजीबनी सांगितलं. गाठ सुटत आली होती आणि खमीसच्या रक्तातला प्राणवायू उतरायला लागला. बाई म्हणाल्या, हात थांबवा. नजीब म्हणाले, आत्ता कसा थांबवू? त्या म्हणाल्या, थांबवा. त्यांनी पोटात दाबून ठेवलेली कापडं सैल करायला लावली, टेबल डोक्याकडून उचललं, मिटलेलं फुफ्फुस हलक्या दाबानं उघडलं. आकडा वर आला तेव्हाच पुन्हा सुरी चालली. गाठ पूर्ण निघाली. संध्याकाळी घशातली श्वासाची नळी काढली आणि खमीस स्वतःचा श्वास घेऊ लागला. बशीरनी बाहेर सगळ्यांना चहा पाजला.

इथं मी थांबले असते तर भाषण वेळेत संपलं असतं.

पण दोन दिवसांनी ताप चढला. ओठ काळपट दिसायला लागले. छातीच्या एक्स-रेत डावं फुफ्फुस खालून मिटलेलं. कारण साधं होतं: खमीस खोकत नव्हता. पाठीत बसवलेल्या बारीक नळीतून वेदना कमी करायचं औषध चालू होतं, तरी त्याच्या मनात बसलं होतं की खोकलो तर पोट उकलेल. उठून बसायला सांगितलं की डोळे मिटून घ्यायचा. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीला त्यानं परत पाठवलं. असंच चाललं तर पुन्हा यंत्रावर ठेवावं लागेल, असं डॉक्टर आपसात बोलताना मी ऐकलं. आणि यंत्रावर दुसऱ्यांदा गेलेले सगळेच परत येत नाहीत, हेही मी ऐकलं.

त्या दिवशी बाईंची सुट्टी होती. कानामागे जाईचा गुच्छ तसाच, कुणाच्या तरी साखरपुड्यातून उठून आल्या होत्या. त्यांनी खाटेशी खुर्ची ओढली, खमीसच्या पोटावर उशी ठेवली आणि त्याचे दोन्ही हात तिच्यावर दाबून धरायला लावले.

"खोका."

"टाके तुटतील."

"नजीबनं घातलेत. तो दोऱ्याची कंजुषी करत नाही. खोका."

 आणि मग खमीसनं जे मलाही विचारलं नव्हतं, ते बाईंना विचारलं.

"मी पुन्हा वाजवीन का?"

मंडळी, मी त्यांच्याकडे असं बघितलं की हो म्हण, बाई. खोटं असलं तरी म्हण. त्या वेळी कुणीही म्हणालं असतं.

"ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "उगीच शब्द देणार नाही. पण आज खोकला नाहीत, तर ते कधीच कुणाला कळणार नाही."

खमीसच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं उशी आवळली आणि खोकला. आधी घशातल्या घशात, मग एकदम खोलवरून. काय वेदना झाल्या असतील त्या त्याच्या चेहऱ्यावर होत्या. बाईंनी पुन्हा सांगितलं, त्यानं पुन्हा केलं. जे बाहेर आलं त्याचं वर्णन या सभेत नको, पण मोत्याचा शिंपला उघडावा तसे आम्ही ते बघत होतो. मग बाईंनी आणि मी मिळून त्याला खुर्चीत बसवलं. दुसऱ्या दिवशी तो व्हरांड्यात चालला, शिव्या देत, माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून. ताप उतरला. ओठांना रंग आला. यंत्राचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

आज तो वाजवतो. पूर्वीइतका नाही. अर्ध्या वाटेत दुसरा वादक झुकरा हाती घेतो, हे खमीसला आवडत नाही. मला फार आवडतं.

आम्ही घरी निघालो ती गोष्ट सांगते आणि बसते. रुग्णालयात मला एक सवय लागली होती. खमीस झोपला की मी त्याच्या छातीकडे बघत बसायचे, वर गेली, खाली आली, पुन्हा वर जाते ना. बोटीवर तो बाकावर आडवा झाला आणि लगेच झोपला. मी शेजारी बसले. बेट दिसायला लागलं, कुणीतरी हाक मारली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की अर्धं अंतर मी नुसती समुद्राकडे बघत आले होते. त्याच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

रौदाबाई, अशी निश्चिंती तुम्ही किती घरांत पाठवलीत ते तुम्हाला माहीत नाही, कारण ते सांगायला कुणी परत येत नाही. म्हणून आज आम्ही आलो.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल ऋणी आहे. वैद्यकातलं काही चुकीचं सांगितलं असेल तर डॉक्टर मंडळींनी ते बाईमाणसाच्या अज्ञानावर नव्हे, शिक्षिकेच्या आगाऊपणावर घालावं आणि क्षमा करावी. बाहेर आमच्या बेटाच्या वाळवलेल्या ऑक्टोपसची पिशवी ठेवली आहे, ती बाईंनी नाकारू नये. आणि रौदाबाई, तुम्ही आजवर इतक्या जणांच्या उशाशी जागलात. आता घरी जा आणि कुणाचीही काळजी न करता खुशाल झोपा.