कापसात पडलेला प्रोजेक्टर

प्रोजेक्टर छताले लटकवाचा म्हणतो तू? मंग आमच्या घाटंजीच्या घरचं ऐक पह्यले.

त्या वर्षी कापसाले भाव नव्हता, म्हणून बाबानं सारा कापूस बैठकीतच भरून ठेवलता, कमरेइतका. बाबाले टीव्हीवरचं बारीक दिसत नव्हतं, म्हणून मी नागपूरवरून जुना, धोंड्यासारखा जड प्रोजेक्टर आणला. शिडीचं कामच नव्हतं. कापसावर उभा राहून मी स्क्रू कसले, अन् बाबानं माहे पाय धरले.

हात सोडला अन् प्रोजेक्टर सटकन निसटून कापसात गडप!

बाबानं दोन्ही हातानं कापूस उपसून तो काढला. लावून पाह्यला तं चालू!

"पाह्य," बाबा म्हणे, "बाजारात या कापसाले कोणी विचारत नाही, पण तुह्या प्रोजेक्टरले यानंच झेललं."

मंग जाड बोल्ट ठोकून तो पुन्हा लटकवला. भिंतभर पिक्चर लागला. बाबा कापसावरच आडवे झाले. कापसाच्या भावाच्या काळजीनं कित्येक दिवस त्यायले धड झोप नव्हती, पण घंटाभरातच घोरू लागले.

मी बंद कराले उठलो तं मायनं माहा हात धरला.

"राहू दे चालू. आवाज थांबला तं जागे होतीन."