पाच नारळांचा लक्ष्या

...नाही, पण मला एक सांगा, पाच हंगामांसाठी माणूस बांधून ठेवायची अक्कल कोणाची, असं सारखं माझ्याकडं बघून काय विचारता? माझीच! भिकू तांडेलाची! झालं समाधान? पण तेव्हा टाळ्या कोणी वाजवल्या? अख्ख्या वरोरनं वाजवल्या! आणि आता तुम्ही हुतूतूच्या संघाची नवी पोरं इथं होडीच्या सावलीत मीटिंग भरवता, आणि म्हणता काय, तर तो नवा गडी फार चपळ आहे, त्याला दहा हंगामांचा नारळ देऊन टाकू... दहा! अरे, बसा जरा. मी नको म्हणायला आलो नाही. मला कोण विचारतो? पण ऐकून तरी घ्या, म्हणजे उद्या रडताना निदान कारण तरी माहीत असेल.

आता नारळ म्हणजे काय हे वरोरच्या पोरांना मी सांगायचं, अशी वेळ आली! पण सांगतो. नारळी पौर्णिमेला तांडेल खलाशाच्या हातात नारळ ठेवतो. त्यानं घेतला, की तो त्या होडीचा आणि होडी त्याची. मासळी लागो, न लागो, गडी तापानं फणफणून घरी पडलेला असो, त्याच्या घरी वाटा पोचायचा म्हणजे पोचायचा. आणि गडी मधेच दुसऱ्याच्या होडीवर चढला, तर किनाऱ्यावर त्याला पाणीसुद्धा कोणी विचारणार नाही. कागद नाही, सही नाही, वकील नाही. नारळ दिला म्हणजे दिला!

तर तुम्हाला सांगतो, तेव्हा मी संघाचा कप्तान. आणि संघ कसला? दरवर्षी मसोलीच्या मैदानावर जायचं, दरवर्षी मार खायचा, आणि परत येताना सगळ्यांनी मिळून पंचाला शिव्या घालायच्या. देवजी नाखवा आमच्या संघाचे मुख्य, वयानं मोठे, ते तर म्हणायचे, "भिकू, आपल्या पोरांचा दम पाण्यात निघतो, जमिनीवर कुठून येणार?" मला हे लागायचं हो! मी रात्रंदिवस समुद्राशी झोंबणारा माणूस, आणि मैदानातली एक चुन्याची रेघ मला ओलांडता येऊ नये?

आणि एके वर्षी चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेत मला लक्ष्या दिसला. उधव्याचा. डोंगरातला. काळा, शिडशिडीत, छातीच्या फासळ्या बाहेर आलेल्या... मी म्हटलं हा काय खेळणार? आणि तो हुतूतू म्हणत आत शिरला ना... अहो, मी इकडं नारळपाणी प्यायलो, शहाळं फोडून आतली मलई खाल्ली, तरी त्याचं हुतूतू चालूच! तिघांना शिवला, चौथ्यानं कंबर धरली तर त्याला तसाच ओढत रेघेपार घेऊन आला, आणि दम तोडला नाही. मी तिथंच हंसाला म्हटलं, हंसा म्हणजे माझी बायको, म्हटलं, "हा आपला." ती म्हणाली, "कोणाचा ते त्याच्या आईला विचारा."

आता या बाईला प्रत्येक गोष्टीत असं वाकडं बोलायची काय गरज होती?

बरं, पहिल्या वर्षी काही करार नाही, काही नाही. सामना असला की लक्ष्या यायचा. गवताच्या ट्रकवर बसून यायचा. त्याच्या गावाकडून डहाणूला गवताच्या गासड्या यायच्या ना, त्या ट्रकवर, सगळ्यात वर, केसात गवत! आणि आला की पहिलं वाक्य काय? "दादा, लवकर सुरू करा. ट्रक सुटंल." अरे, तू आत्ताच आलास! "पण दादा, ट्रक सुटंल. आई एकटी आहे." बाप वारलेला, घरात आई शुक्री आणि दोन वाफे नागली. मग काय, सामना सुरू झाला की हा वादळासारखा आत, शिवला, परत, शिवला, परत... समोरच्याला श्वास घ्यायला वेळ नाही! धाकटी डहाणूवाल्यांना आम्ही असं लोळवलं की त्यांच्या म्हाताऱ्या रडल्या. कप आला! अख्ख्या गावातून वाजतगाजत मिरवला. आणि ज्याच्यामुळं आला तो कुठं? तो ट्रकवर चढून गेलेला. कपाला त्यानं हातसुद्धा लावला नव्हता.

इथं माझ्या डोक्यानं विचार केला... आणि बघा, विचार चुकीचा होता असं मी अजून म्हणत नाही! मी म्हटलं, हा पोरगा एवढ्या घाईत, अर्धं लक्ष ट्रककडं ठेवून एवढा खेळतो, तर ही ट्रकची कटकटच काढून टाकली तर कसा खेळेल? इथंच ठेवू. झोपडं देऊ. होडीवर वाटा देऊ, आईला पावसाळाभर पुरतील एवढे सुके बोंबील पाठवू. पोटभर खाईल, निवांत झोपेल, आणि नुसता हुतूतू खेळेल! सांगा, काय चूक? आणि दुसरीकडं भीती अशी की एकच हंगाम बांधला तर पुढच्या वर्षी धाकटी डहाणूवाले उचलतील. म्हणून मी पौर्णिमेला सगळ्या गावासमोर त्याच्या हातात एक नाही, पाच नारळ ठेवले. पाच! त्याला धरता येईनात, दोन पायावर पडले. लोक हसले. त्यानं एकदाच विचारलं, "आईकडं बोंबील नक्की जातील ना दादा?" म्हटलं, "नारळ दिला म्हणजे दिला!" त्यानं खाली वाकून ते दोन उचलले, आणि झालं.

ते पाच नारळ जाळीत घालून माझ्या घरात आढ्याला टांगले. दर पौर्णिमेला त्यातला एक समुद्रात सोडायचा, म्हणजे एक हंगाम फिटला. असं ठरलं.

आणि मग सुरू झाला तमाशा! पहिल्याच दिवशी होडीवर घेतला, तर साहेब किनारा दिसत असतानाच आडवे. ओकून ओकून निळा पडला. माझे खलाशी म्हणायला लागले, "तांडेल, याला सांभाळू की जाळं ओढू?" म्हणून जमिनीवर ठेवला, बायकांबरोबर बोंबील वाळत घालायला. बायका काय सोडतात? "काय रं लक्ष्या, बोंबलालाच शिवतोस होय?" तो नुसता हसायचा. खायला मात्र आम्ही कमी केलं नाही हो! हंसानं त्याला कालवण, भाकरी, तळलेली मासळी... फासळ्या गेल्या, गाल आले. मी खूष! म्हटलं आता बघा!

आणि बघितलं. पहिल्याच सामन्यात हा आत गेला, हुतूतू, हुतूतू... आणि मधेच दम तुटला. तुटला म्हणजे काय, दोरी तुटावी तसा तुटला! पंचानं हात केला, बाद! मी म्हटलं, होतं कधीकधी. दुसऱ्या सामन्यात तेच. तिसऱ्यात तर कोणी धरलासुद्धा नाही, मोकळा होता, रेघ समोर होती, आणि हा गप्प उभा! लोक ओरडतायत, मी ओरडतोय, "अरे परत ये! परत ये की!" तो माझ्याकडं असा बघत राहिला, जसं काही मी कुठल्या दुसऱ्याच भाषेत बोलतोय.

तो हंगाम बुडाला. दुसराही बुडाला. गावात माझी काय शोभा झाली म्हणता! देवजी नाखवा रोज सकाळी माझ्या दारावरून जाताना, "भिकू, जावईबापू उठले का?" संघातली पोरं तोंडावर म्हणायला लागली, "याला काढा, नाहीतर कप्तानी सोडा." आणि मी त्यांना एकच सांगायचो, नारळ दिला म्हणजे दिला! उद्या पाय मोडलेल्या खलाशाला मी होडीतून ढकलून दिला, तर माझ्या हातून नारळ कोण घेईल रे? चोरानंसुद्धा घेऊ नये!

पण आतून मी कडू झालो होतो. सांगायला काय लाजायचं? कधी वाटायचं, हा पळून का जात नाही? ट्रक तर रोज जातो! पण तो जाईना. इमानदार ना! त्यानं नारळ घेतला होता. मी त्याला सोडू शकत नव्हतो, आणि तो मला सोडू शकत नव्हता, आणि दोघं एकाच पंगतीत बसून एकमेकांना, "घे ना अजून," "नको दादा, पोट भरलं," असं करत जेवत होतो.

मग दुसरा हंगाम संपून पौर्णिमा यायच्या आधीची गोष्ट. ते वर्ष आठवतं ना, नुकतीच दोन राज्यं वेगळी झाली होती, आणि उधव्याकडची माणसं अजून एकमेकांना विचारत होती की आपण रेघेच्या अलीकडं की पलीकडं. होडी डागडुजीला वर ओढलेली. मी डांबर लावतोय, आणि हा तिकडं बोंबलाच्या काठ्यांजवळ बसलेला. समुद्राकडं पाठ करून. आता वरोरमध्ये समुद्राकडं पाठ करून कोण बसतं? मी बघितलं तो बघतोय कुठं, तर महालक्ष्मीचा डोंगर. पाऊस उघडला होता, सुळका स्वच्छ दिसत होता.

आणि माझ्या हातातला ब्रश खाली पडला हो.

कारण तो डोंगर मला माहीत आहे! आमच्या प्रत्येक तांडेलाला माहीत आहे. समुद्रात आत गेलं, किनारा बुडाला, चोहीकडं नुसतं पाणी, की आम्ही काय शोधतो? तोच सुळका. तो दिसला की पोरं उठून बसतात, कोणी गातं, कोणी उगाच शिव्या देतं, हात दुप्पट चालतात. कारण सुळका दिसला म्हणजे घर आलं. आयुष्यभर मी तो डोंगर बघून घरी आलो, आणि हा पोरगा दोन वर्षं माझ्या किनाऱ्यावर बसून तोच डोंगर बघत होता, आणि घर त्या डोंगराच्या मागं!

मी जवळ जाऊन बसलो. म्हटलं, "लक्ष्या, खरं सांग. दम कुठं गेला तुझा?" मग म्हणाला, "दादा, आधी आत गेलो की डोक्यात एकच असायचं, परत जायचं, ट्रक पकडायचा, आईकडं जायचं. आता आत जातो, आणि वाटतं, परत जाऊन जायचं कुठं?"

डोळ्यात डांबर गेलं म्हणून मी उठलो.

पौर्णिमेला सगळं गाव किनाऱ्यावर. मी जाळी उतरवून आणली, आणि एकाच्या जागी उरलेले सगळे नारळ समुद्रात सोडले. एकापाठोपाठ एक. देवजी नाखवा ओरडले, "भिकू, वेड लागलं का? सगळे हंगाम पाण्यात घातलेस!" लक्ष्याला वाटलं मी हाकललं. तोंड उतरलं त्याचं. म्हणाला, "दादा, मी काही मोडलं नाही." मी त्याच्या खांद्याला धरलं आणि म्हटलं, "बाबा, काही मोडलं नाहीस. नारळ फिटले. जा, तुझी आई वाट बघते." तो माझ्या पाया पडला, आणि असा पळाला, असा पळाला की मी म्हटलं, आहे, दम आहे अजून!

कप्तानी गेली ती गेलीच, ते सोडा. साधा गडी म्हणून ठेवलं मला, पकडीला.

आणि वर्ष उलटतं न उलटतं तोच मसोलीच्या मैदानावर आमच्यासमोर कोण? उधवा! आणि लक्ष्या, फासळ्या परत बाहेर आलेल्या. "दादा, बरा आहेस? वहिनीला सांग, आईला बोंबील पोचले." म्हणजे हंसा मला न विचारता पाठवतच होती! टॉस देवजी नाखव्यांनी जिंकला. आता वरोरची पद्धत तुम्हाला माहीतच आहे, शेवटच्या डावाला समुद्राची बाजू आपली. वारा आपल्या पाठीला, संध्याकाळचं ऊन समोरच्याच्या डोळ्यात. वाडवडलांपासून तसंच. तसंच घेतलं.

शेवटची चढाई. लक्ष्या आत आला, हुतूतू, हुतूतू... दोघांना शिवला आणि वळला, आणि मी त्याची कंबर धरली. घट्ट! जाळ्याची दोरी धरणारे हात आहेत हे! सगळं गाव ओरडतंय, "भिकू, सोडू नको!" आणि मी सोडला नाही, देवाशप्पथ सोडला नाही. पण माझ्या कानाशी ते हुतूतू चाललंय, थांबत नाही, तुटत नाही, आणि मी मान वर करून बघितलं तर रेघेच्या पलीकडं, त्याच्या बरोब्बर नाकासमोर, मावळतीच्या उन्हात लख्ख उभा, महालक्ष्मीचा डोंगर!

संपलं. मला ओढत नेलं हो त्यानं. बोंबलाच्या टोपलीसारखं. रेघेपार गेला, मग दम सोडला, आणि पहिलं काय बोलला, "दादा, लागलं काय रं?" मी धुळीत पडल्यापडल्या म्हटलं, "ट्रक सुटंल. पळ."

तर द्या बाबांनो, द्या. त्या नव्या गड्याला दहा द्या, वीस द्या, झाडासकट द्या. नारळ दिला म्हणजे दिला. फक्त त्याचं घर कुठल्या दिशेला आहे ते आधी विचारा, आणि टॉस जिंकलात तर समुद्राची बाजू तेवढी घेऊ नका... पण तुम्ही घेणारच. वरोरचेच ना तुम्ही.