दीड मीटरचा तुकडा, गाठीसकट

पुरवणी जबाब

नाव वहीत लिहिलं आहे, कामावर मला पाल म्हणतात. वय ३४, धंदा उंच इमारतींच्या काचा दोरावरून पुसणे, राहणार थोरल्या बहिणीच्या घरी, मागची खोली.

समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की, मयत हे माझे दाजी. अकरा वर्षं आम्ही जोडीनं काम केलं. सोमवारच्या जबाबात मी 'दोराच्या टोकाला गाठ मारायला दाजी विसरले' असं सांगितलं. ते खोटं आहे.

दोर पिशवीतून निघाला की दाजी आधी टोकाला मुठीएवढी गाठ मारत, चहा त्यानंतर. दोर संपला तरी कमरेची कडी गाठीवर अडते, माणूस पडत नाही. मी चिडवायचो, "दाजी, गाठ आहे की गाठोडं?" ते म्हणत, "माझं गाठोडं होऊ नये म्हणून."

सोमवारीही त्यांनी मारली. सकाळी आठला ते बादल्या भरायला गेले, तेव्हा गाठीच्या वर मीटरभर दोर झिजलेला मला दिसला. आतले धागे बाहेर आले होते. मी भल्यासाठीच तेवढा भाग कापला, टोक लायटरनं भाजलं. गाठ तुकड्यासोबत गेली. नवी मारणार, तेवढ्यात वॉचमननं सहीला बोलावलं. आल्यावर दोर गच्चीवर नेऊन खाली सोडला. दुसरा दोर ठेकेदार देत नाही.

कठडा ओलांडण्याआधी दाजी रोज विचारत, "शेवट?" मी म्हणायचो, "बांधलाय." त्या दिवशीही म्हणालो. तोंडाला सवय होती. दोर एरवी दुसऱ्या मजल्यापर्यंत पुरतो, त्याखालच्या काचा आम्ही शिडीवरून पुसतो. त्या दिवशी तो तिसऱ्याच्या काचेखालीच संपला. माझ्या हाताखालचा दोर एकदम हलका झाला.

तुकडा मी डब्याच्या पिशवीत लपवला होता, तो आज हजर करत आहे. गाठ दाजींची आहे. अजून घट्ट आहे.

ताई रडत नाही. भांडी घासताना म्हणते, "पोरांच्या बुटाच्या लेस दोन-दोनदा बांधायचा हा माणूस. स्वतःची एक गाठ मारायला हात मोडले होते?" तीन दिवस हेच चाललंय. मी समोर बसून तिनं वाढलेलं खातो. मला माझी किळस येते.

ताई बाहेर बाकावर बसली आहे. दाजींचं सामान घ्यायला आलोय, असं मी तिला सांगितलं. तिच्या तोंडावर हे बोलायची माझी छाती नाही. म्हणून जबाब मोठ्यानं वाचावा आणि दार उघडं ठेवावं, अशी विनंती मी केली. त्याप्रमाणे वाचला. वाचून झाला तेव्हा बाक रिकामा होता. जबाब मी सांगितल्याप्रमाणेच लिहिला आहे, बरोबर आहे.